कुरुंद्याच्या उन्हात उडालेला ग्रह

कुरुंदा, ता. वसमत
बुधवार, २५ फेब्रुवारी

आदरणीय शेषराव दाजींना धाकट्या मेहुण्याचा, रत्नपालचा, सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आणि करुणाताईचा खोकला आता उतारावर असेल. (ताईला गुळण्या करायला सांगा, माझं ती लहानपणापासून ऐकत नाही.) आम्ही इकडे सुखरूप आहोत, मी सोडून. फोनच केला असता, पण घरात आमच्या दीक्षाचे कान सगळीकडे असतात, म्हणून हे पत्र फुलसिंगच्या जीपने पाठवतो.

झालं असं, की शनिवारी शाळेत विज्ञान दिन आहे आणि दीक्षाला दूरच्या एका भयंकर तापलेल्या ग्रहाबद्दल बोलायचं आहे. तो ग्रह जवळून कुणी पाहिलेला नाही, त्याचे चंद्र तर मनानेच लावायचे. म्हणजे चूक काढायला कुणी नाही, हे ऐकून माझ्यातला चित्रकार जागा झाला. शाळेच्या भिंतीवर चित्र माझे पप्पा काढतील, असं तिने वर्गात सांगूनही टाकलं. सेनगावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवल्यात, तुम्हाला विचारायला हवं होतं. पण मी म्हटलं, त्यात काय, गोल तर आहे!

घरात हळदीची पोती असताना रंग विकत कशाला आणायचा, हेही मीच ठरवलं. शाळेची भिंत नुकतीच चुन्याने पांढरी केलेली. हळद डिंकात कालवून गोल भरला, तर तो बघता बघता लालभडक झाला. दाराच्या उरलेल्या निळ्या ऑइलपेंटने चार चंद्र काढले. गुरुजी वा म्हणाले. ही लाली मी मुद्दाम साधली, असं मी गावभर सांगितलं. दीक्षाची आई प्रियदर्शनी एवढंच म्हणाली, "चुन्यावर हळद लाल व्हनारच. काहून फुगून राहिले?"

भिंत दिवसभर उन्हातली. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे आमच्या गावात लेकरालाही माहीत. मी जन्मभर हळद शिजवतो, वाळवतो, आणि नेमकं मलाच आठवलं नाही. आठ दिवसांत ग्रह गुलाबी झाला, मग फिका, आणि आज नाहीसाच. लोखंड वितळेल एवढा तापलेला ग्रह, त्याला कुरुंद्याचं ऊन सोसलं नाही! चंद्र मात्र ठणठणीत आहेत. दीक्षा रोज ती भिंत बघून घरी येते आणि दप्तर ठेवून सरळ अभ्यासाला बसते. ते मला फार लागतं, दाजी.

आपला,
रत्नपाल

ता. क. गुडघ्याची चौकशी खरीच, पण शुक्रवारी नारंगी ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन या. दीक्षाला सांगू, सहज जेवायला आलात.

ता. क. दुसरा, रविवार. फुलसिंगची जीप बिघडली आणि पत्र माझ्याच खिशात राहिलं. कार्यक्रम झाला. दीक्षा कोऱ्या गोलाशेजारी उभी राहून पाहुण्यांना म्हणाली, "हा ग्रह त्याच्या सूर्याच्या लई जवळ व्हता. तापून तापून उडून गेला. चंद्र अजून त्याची वाट बघून राहिले." टाळ्याच टाळ्या! हेडमास्तरांनी खूश होऊन मला शेजारची भिंतही दिली आहे, तेव्हा पेंट घेऊन याच. घरी येताना पोरीने विचारलं, "पप्पा, तुमी मुद्दामच हळद लावली व्हती ना?" मी व्हय म्हणालो. त्यावर ती अगदी तिच्या आईसारखी हसली.