कुरवाच्या पंखाला तेल

९ जानेवारी
खळ्यावर जवळा पसरलेला, वरून जाळं टाकलेलं. तरी कुरव घुसलाच. हे समुद्रावरचे पांढरे चोर, थंडी पडली की थव्यानं येतात आनि आमच्या सुकटीवर जगतात. उजव्या पंखात नायलॉन रुतलेला, मांस दिसत व्हतं. सोडवायला गेले तर अंगठा फोडला माझा. विळीनं जाळं कापलं. नवं जाळं. दिवाळीत आनलेलं.
ननंद यमुना कुंपनावरून, 'वयनी, टाक त्याला खाडीत. चोराला घरात घेतेस काय?'
म्हटलं, तू तुझे बोंबील बघ.
कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला. कोंबड्या बाहेर. बोंबलतायत.

१० जानेवारी
जखम सुजली. हळद भरली. वरून कोकमाचं तेल, गोळा चुलीवर पातळ करून. पंखभर चोपडलं, पोटाला बी. थंडीत टाचा फुटल्या की हेच लावते. मानसाला चालतं तर पाखराला काय धाड भरली?
मांदेली दिली. तीन गिळली. चौथी पदरावर ओकला.

१४ जानेवारी
संक्रांत. बाजूच्या घरात मुंबईचे पाहुने उतरलेत. न विचारता अंगनात. एक बाई 'शोना, शोना' करते, दुसरी खुराड्यात फरसान टाकते. म्हटलं, आजारी हाय तो, तमाशा न्हाय. 'आंटी, एकच फोटो.' खुराड्यावर गोनपाट टाकलं.
तिळगूळ दिला न्हाय कुनाला.

२२ जानेवारी
जखम भरली. पंख पुरा उघडतो. यमुनाला मुद्दाम बोलावून दाखवला. भरतीला नेला, पान्यावर सोडला.
कुरव पान्यावर कसा, कापसासारखा बसतो. हा बुडायला लागला. आधी शेपूट, मग पोट, मग नुसती मान वर. माझ्याकडं बघत. लुगडं खोचून कमरेएवढ्या पान्यात गेले. या वयात.
घरी आनला तर फडक्यासारखा चिंब, थरथरतोय. समुद्राचा पक्षी, आनि समुद्रात भिजला. असं कसं—

२३ जानेवारी
फोन केला म्हनून ढोरांची डॉक्टरीन आली तालुक्याहून, संगती वनखात्याचा मानूस. तिनं पिसं चिमटीत धरली. वास घेतला.
'आजी, काय लावलंय हे?'
सांगितलं.
'तेल लागलं की पिसं चिकटतात. पाणी आत शिरतं. गारठून मेला असता तो.'
मग आधी का न्हाय सांगितलंत?
'मग आधी फोन का नाही केलात?'
पोरगी माझ्या नातीएवढी. असा राग आला. वनखात्याचा मानूस नखं बघत उभा.
पहिल्यांदा तिनंच धुतला. कोमट पानी, भांड्यांचा साबू, डोळे सांभाळून. त्याला तालुक्यापर्यंतचा प्रवास नको, म्हनून इथंच ठेवला. मी धुवायचा, ती दर आठवड्याला येनार. टबात सोडायचा, पोट कोरडं राहिलं की समुद्रावर. 'पण मार्चच्या आत, आजी. थवा गेला की एकटा पडेल.'
ती गेल्यावर तेलाची वाटी उकिरड्यावर फेकली. पितळेची व्हती. असू दे.

३० जानेवारी
दोनदा धुतला. दोनदा चावला. टबात सोडला, पोट भिजलं. टाचांवर हे तेल एक दिवस टिकत न्हाय, याच्या पिसांवर टिकतंय.
यमुना म्हनाली, 'सुनेचं बाळंतपन केलं न्हायस इतकं.'
खरं हाय. म्हनूनच जास्त लागलं.

१७ फेब्रुवारी
डोक्यावर काळी छटा यायला लागली. खाडीवरच्यांच्या बी. असं डोकं काळं झालं की हे निघतात. लहानपनापासून बघते.
दिवसभर चोचीनं एकेक पीस विंचरत बसतो. टबात दहा मिनिटं सुका, मग भिजतो. मला घाई हाय, पिसांना न्हाय. आज खूप शिव्या दिल्या. त्याला न्हाय दिल्या.

५ मार्च
अर्धा तास टबात. पोटाखाली हात घातला. कोरडा!
यमुनाला हाक मारली. तिनं बी हात घातला. संध्याकाळी ओसरीवर मूठभर ताजी मांदेली ठेवलेली दिसली.
खाडीवर निम्मेच उरलेत.

८ मार्च
सोडला. डॉक्टरीन आलती. पान्यावर बसला, वरच्या वर. लाट आली की वर, गेली की खाली. बाकीचे उडाले, हा बसलेलाच. ऊठ, मेल्या, ऊठ. थोडा फडफडला, परत बसला.
'खुराड्यात बसून ताकद गेलीय, आजी. भरेल हळूहळू.'
हळूहळूला वेळ कुठं हाय? तेल लावलं नसतं तर जानेवारीतच उडून थव्यात गेला असता. ती हे बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

११ मार्च
थवा गेला. सकाळी वाळू मोकळी.
खाडीच्या तोंडाशी खुंटावर एक कुरव बसलाय. माझा की दुसरा, मोतीबिंदूत कळत न्हाय. हाक मारायला नाव बी ठेवलं न्हाय त्याला.
जवळा पसरला. जाळं टाकलं न्हाय. कावळ्यांची चंगळ. यमुना बडबडत आली, 'डोकं फिरलं हिचं. टब तरी उपडा कर, वयनी, डास व्हतील.'
करते म्हटलं.
दुपारी टबातलं पानी बदललं.