मागचा सांधा

ता. ३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, आणि तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, यावरूनच तुला कळलं असेल की काहीतरी भानगड आहे. तुमच्या घरचा फोन म्हणजे जाहीर सभा. बाबांना ऐकू यावं म्हणून तू तो मोठ्या आवाजावर ठेवतेस, आणि हे त्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

गेल्या महिन्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात मी सिंकचा नळ बदलला होता. परवा त्या बाजारातून परतल्या, तर घरात घोट्याएवढं पाणी. सिंकखालच्या कपाटात पाइप सुटला होता. शेजारची शिवणाची खोली लाकडी फळ्यांची आहे. फळ्या फुगून वर आल्या, मशीन डुगडुगायला लागलं आणि लोकांनी शिवायला दिलेल्या कपड्यांचे गठ्ठे भिजले. मी धावत गेलो, मुख्य कॉक बंद केला आणि पहिलं वाक्य काय बोललो असेन? बाई, चूक माझीच, सगळं भरून देतो.

घरी येऊन तू घ्यायला लावलेली विम्याची पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. आपल्या कामामुळे गिऱ्हाइकाच्या घरात नुकसान झालं तर कंपनी भरून देते, पण कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, असं ठळक अक्षरात छापलंय. बैल गेला अन् झोपा केला! आता सतरा तारखेला कंपनीचा माणूस पाहणीला येणार आहे. पॉलिसी गेली तर माझं कामच गेलं. हल्ली मोठ्या वसाहतींच्या फाटकावर हत्यारांच्या पिशवीआधी विम्याचा कागद मागतात.

एका जागी बसवत नाही. घरातले सगळे नळ मी दोनदा आवळले. तुझी भावजय म्हणते, आता हात धुवायला पैलवान बोलवावा लागेल.

तुझा लोभ आहेच, थोडा सल्लाही पाठव.
धाकटा


ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी जीभ तुझ्या पान्यापेक्षा भरभर चालते, हे मी लहानपणापासून सांगत आलेय. असो. सतरा तारखेला विचारतील तेवढंच सांग. काय काम केलंस, कधी केलंस, बस्स. पदरचं काही घालू नकोस आणि रडू तर मुळीच नकोस.

बाबांपासून लपवायचं म्हणून ऑफिसला पत्र धाडलंस, पण त्याआधीच नळसामानाच्या दुकानवाल्याचा त्यांना फोन आला होता. तुमच्या धंद्यात पाण्याच्या आधी बातमी गळते. मला वाटलं, आता ऐकावं लागणार: चाळीस वर्षांत माझा एक सांधा गळला नाही, हातावर भरवसा नसेल त्यानं कागदावर ठेवावा, वगैरे. तुझ्या पॉलिसीच्या नावानं तीन वर्षं हेच चाललंय. पण एक शब्द नाही! नुसतं विचारतात, कुठलं घर? शिवणाच्या बाईंचंच ना, मागच्या दाराशी पिंप असलेलं? दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालतात आणि पुन्हा तेच विचारतात. काल चहा अर्धा टाकला. त्यांनी चहा टाकलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला त्यांची काळजी वाटायला लागलीये.

तू जेवतोयस ना? भावजयीला त्रास देऊ नकोस, आणि काही नवीन कळलं तर लगेच लिही.
अक्का


ता. ८ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि बाबा का फेऱ्या मारतात ते कळलं. बसून वाच.

काल मी बाईंच्या सिंकखालची भिजलेली मागची फळी काढली. मी बसवलेला नळ आणि त्याच्या दोन्ही जोडण्या खडखडीत कोरड्या आहेत. सुटलाय तो त्यांच्याही मागचा, भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या पाइपचा जुना सांधा. आणि त्या फळीच्या आतल्या बाजूला आपल्या घरची चिठ्ठी! बाबांची रीत तुला माहीतच आहे. काम झालं की कपाटात चिठ्ठी चिकटवायची, तारीख, काम आणि सही. उद्या कुणाला शिव्या द्यायच्या असल्या तर नाव शोधायला लागू नये म्हणून. मीही तेच करतो.

चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: मागचा सांधा नवा घातला. हात कापत होता. पुन्हा येऊन बघणे. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्याची. त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. म्हणजे ते त्यांचं शेवटचं काम, आणि ते पुन्हा गेलेच नाहीत.

आता माझी पंचाईत ऐक. पॉलिसी माझ्या कामाची आहे. सांधा बाबांचा म्हटलं, तर कंपनी काहीच देणार नाही, आणि बाई त्या फुगलेल्या फळ्यांवर बसून राहतील. सांधा माझा म्हटलं, तर बाईंना सगळं मिळेल, बाबांचं नाव राहील आणि बट्टा लागेल तो मला एकट्याला. मी तर कबूल करूनही बसलोय! इतकं सगळ्यांच्या सोयीचं खोटं मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. तरी ते घशाखाली उतरत नाही.

चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात आहे. धुवायला म्हणून तुझ्या भावजयीनं शर्ट उचलला, तर मी तिच्या अंगावर ओरडलो. मग माफी मागितली, पण कारण सांगता येईना.

काय करू ते सांग. तुझ्याशिवाय विचारणार कुणाला?
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चिठ्ठी फाडून टाक.

हे लिहून मी तासभर नुसती बसले. शहात्तर वर्षांच्या माणसाकडे नावाशिवाय उरतं काय? बाईंचंही भलंच होतंय. पण मग आठवलं, शेजाऱ्यांची काच मी फोडली तेव्हा याच माणसानं मला त्यांच्या दारात नेऊन उभं केलं होतं. घरी कुणी रागावलं नाही, पण दार मलाच वाजवायला लावलं. ऑफिसात दिवसभर मी लोकांना नियम वाचून दाखवते, आणि माझ्या भावाला चिठ्ठी फाडायला सांगते. माझी मलाच लाज वाटते. तुला योग्य वाटेल ते कर, असं लिहिणं म्हणजे हात झटकणं, हेही मला कळतं.

तुझं मागचं पत्र पर्समध्ये ठेवलं होतं, ते सापडत नाहीये. ऑफिसात राहिलं असेल. तुला उत्तर नाही, पण माझी माया आहे. सध्या तेवढ्यावर भागव.
अक्का


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. तुझं पत्र अक्काच्या पर्समधून मी काढलं. चोरी केली, कबूल. मला विमा कंपनी नाही, त्यामुळे कबूल करायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुकानवाल्याचा फोन आला तेव्हाच मी घर ओळखलं. त्या वेळी डोळ्याची पट्टी सुटली की जाऊ म्हटलं होतं. मग वाटलं, इतके दिवस गळला नाही म्हणजे बरा असेल. मग वाटलं, आता कुठल्या तोंडानं जायचं? खरं सांगायचं तर त्या बाईंसमोर हात कापला तर, याची भीती वाटली. माझा एक सांधा गळला नाही असं म्हणताना दर वेळी मला तोच आठवायचा, आणि मी आवाज चढवायचो.

चिठ्ठी कशाला लावतात रे? कौतुक करायला कुणी सिंकखाली वाकत नाही. तू ती काढलीस ही तुझी चूक. परत होती तिथे लाव. माझ्या अब्रूचा निकाल तुम्ही दोघं मला न विचारता लावताय, मी अजून जिवंत आहे.

सोळा तारखेच्या बसने येतो. तुझी कंपनी शहात्तर वर्षांच्या माणसाचा विमा उतरवते का, विचारून ठेव.

सूनबाईंना आशीर्वाद. तिच्यावर ओरडलास ते मला आवडलं नाही.
बाबा


ता. १७ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बाबांना उद्या बसमध्ये बसवून देतो. घरी आल्यावर ते बरंच काही सांगतील, त्यातलं निम्मं मानू नकोस. खरं ते असं झालं.

कंपनीचा माणूस यायच्या आधीच बाबांनी बाईंना सगळं सांगितलं. मग त्या माणसालाही तेच सांगितलं. त्यानं मी परत होती तिथे लावलेल्या चिठ्ठीचा फोटो घेतला आणि सरळ म्हणाला की कंपनी यात काही देणार नाही. माझी पॉलिसी मात्र राहिली. बाई संतापल्या. मला खरेपणा नको होता, माझी जमीन हवी होती, असं म्हणाल्या. दोन गिऱ्हाइकं त्यांची कायमची गेली, ती काही आम्हाला परत आणता आली नाहीत.

जमीन मात्र केली. चार रविवार लागले. फळ्या काढल्या, वाळवल्या, कुजल्या तिथे नव्या घातल्या. बाबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते, आणि एकाही फळीबद्दल त्यांचं समाधान झालं नाही. तिसऱ्या रविवारी बाईंनी चहा आणून ठेवला. बाबांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, हे तुला मुद्दाम कळवतो.

काल बाईंनी मशीनवर पाण्याचा भरलेला पेला ठेवला आणि मशीन चालवलं. थेंब सांडला नाही. मी हत्यारं आवरायला लागलो, तर बाबा म्हणाले, थांब. टॉर्च घेऊन ते सिंकखाली आडवे झाले. सांधा मी नवा घातला होता, तरी बोट फिरवून चाचपत राहिले. इतका वेळ लागला की मी घाबरून हाक मारली. तेव्हा आतून हात बाहेर आला, पेन्सिल मागायला.

त्यांना उठवून बसवल्यावर मी आत वाकून बघितलं. पुन्हा येऊन बघणे, या ओळीखाली त्यांनी कापऱ्या हातानं लिहिलं होतं: आलो. बघितला. खाली कालची तारीख आणि सही.

त्यांना जप, आणि माझ्यावरही लोभ राहू दे.
धाकटा