काचेच्या खोलीतला उंदीर

सोमवार
नोकरी लागली! दृष्टिहीनांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचायची, आणि वर पगार. एवढीशी खोली, भिंतींना फोम, समोर माइक, काचेपलीकडे हेडफोन लावलेला रेकॉर्डिस्ट. काकांच्या वयाचा, पण मला ताई म्हणतो. आतड्याच्या दुखण्याबद्दल, क्रोन्सबद्दल, इथे अवाक्षर काढलेलं नाही. आधीच्या ऑफिसात माझं नाव ‘संडासबाई’ पडलं होतं. गोळ्या पेपरमिंटच्या डबीत ठेवल्यात.

बुधवार
रेकॉर्डिस्टनं मधेच हात वर केला. म्हणाला, ताई, मागे काहीतरी गुरगुरतंय. खुर्ची बदलली, पंखा बंद केला. पुन्हा तेच. माझं पोट होतं ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, फोममागे उंदीर असणार. मी चटकन म्हणाले, हो हो, मीही ऐकला.

शुक्रवार
अख्खं ऑफिस उंदरामागे. फोम उचकटला, पिंजरा लावला. खरकटं टाकता म्हणून सफाईवाल्या मावशींना बोलणी बसली. त्या माझ्यापुढे रडल्या आणि मी त्यांना पाणी दिलं. पाणी! जीभ झडली होती का माझी? दुपारी कळ आली तरी वाचत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही माझ्याच हातचा.

मंगळवार
जेवण सोडलंय. उपाशी असले की तो कमी बोलतो. तो — म्हणजे पोट. उजवीकडे खाली कुरतडतो. थांबतो. मी वाक्य सुरू केलं की पुन्हा. आज रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज, आणि त्याखाली दुसरं कुणीतरी. मावशींना शनिवारपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. मी गप्प.

गुरुवार
सकाळी आत काहीतरी फुटलं. डोळ्यांपुढे अंधारी. मग कळ गेली — आवाजही गेला. रेकॉर्डिस्ट खूश, उंदराचं औषध लागू पडलं म्हणतो. मलाही हायसं वाटलं. लाज वाटते लिहायला.

शुक्रवार
ताप. पोट फळीसारखं. वाचता वाचता पडले — खुर्चीवर घाण — सगळ्यांसमोर. मावशींनी पुसलं. त्यांनीच.

हॉस्पिटल
डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिले. विचारलं, पोट कधीपासून शांत आहे. कालपासून, म्हटलं. ते पळतच बाहेर गेले. आतडं फुटलंय. आत्ताच उघडायचं. पोटावर शौचाची पिशवी — कदाचित कायमची — सही केली.

मावशी बाहेर आहेत, माझ्या चपला घेऊन. त्यांना आत बोलवा म्हटलं. नर्स म्हणते आता नको, शुद्धीवर आल्यावर बोला.

आल्यावर.

वही मागतायत —

मावशी, उंदीर नव्हताच, ती मी —