नदीकडची भिंत

नौपाडा, ठाणे
ता. २ सप्टेंबर १९५४

चि. सौ. गोदास,
पंढरीदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. कल्याणात नदी घरांत शिरली हे इथे कळले होते. पण तुमची मागची भिंत गेली हे वाचून हातातला घास हातात राहिला. पाच वर्षांपूर्वी मी स्वतः ओळंबा धरून उभी करून घेतलेली विटांची भिंत ती. इंजिनियरीच्या शाळेची पायरी न चढता बांधकाम शिकलो, पण माझे काम आजवर कुठे पडलेले नाही. धाकू गवंड्याने पाया उथळ खणला असणार. त्याला उकरून दाखवायला सांग. आणि पाण्याची रेघ ओट्यापासून किती वर आहे ते दोऱ्याने मोजून कळव, ‘कमरेएवढी’ असे लिहू नकोस.

यंदा भिंत पंधरा इंची घालू. विटा सांगून ठेवल्या आहेत. आमचे मेहुणे महिपतराव गाळात घसरून पाय मोडून बसले. त्यांना म्हणावे, नाचायचे वय सरले.

दादावर माया आहेच, मापेही लौकर धाडावीत.

तुझा दादा,
पंढरी

कल्याण
ता. ९ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप दादांस,
गोदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरांतच लिहिते आहे, चुकले तर हसू नका. रेघ ओट्यापासून अडीच हात चार बोटे. दोऱ्यानेच मोजली. धाकूने पायाही उकरला. एक दगड हललेला नाही. त्याला बोल लावू नका.

सासरे नदीकडची बाजू कुडाची ठेवायचे, कारवीच्या काठ्या शेणमातीने लिंपलेल्या. ही काय भिंत म्हणून तुम्ही हसलात आणि वीट घातलीत. शेजारच्या आवडाबाईंचा कूड पाण्याने पहिल्या तासातच नेला. पाणी पुढच्या दाराने निघून गेले. खांब, छप्पर जागेवर आहेत. आमच्या भिंतीने दुपारपर्यंत पाणी अडवून धरले, मग ती एकदम आत आली. हे कणगीतले भात उचलत होते. हे घसरले नाहीत, दादा. भिंत अंगावर आली. तुम्हाला कळू नये म्हणून सगळ्यांना घसरलो सांगतात. पाय आता सरळ व्हायचा नाही, असे हाडवैद्य म्हणतो. मलाही शपथ घातली होती. ती आज मोडली, कारण तुमच्या विटा येतील.

विटा पाठवू नका. आम्ही कूडच घालणार.

रागावलात तरी येणे तोडू नये, एवढे मागते.

तुमची गोदा

नौपाडा, ठाणे
ता. १४ सप्टेंबर १९५४

चि. सौ. गोदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचले. अक्षर चांगले आहे, चूक एकही नाही.

विटा नको म्हणून सांगून आलो. रविवारी, ता. १९ ला, कारवीचे बारा भारे घेऊन येतो. काठ्या किती अंतरावर रोवायच्या, माती किती दिवस कुजवायची, यातले मला काही येत नाही. शिकवशील का, म्हणून धाकूला विचारून ठेव. मी त्याच्याविषयी जे लिहिले ते त्याला वाचून दाखवले असशील तर बरेच झाले.

महिपतरावांना एवढेच सांग, मी समोर बसेन तेव्हा घसरलो म्हणू नका.

लोभ असू दे, असे लिहायला या खेपेस हात धजत नाही.

पंढरी