पोन्नीच्या पाठीतलं इंजेक्शन

तंजावूर, आडी महिना, १९९७

तीर्थस्वरूप गायत्रीअक्कास भामाचे नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? इकडे सगळे माझ्या शिव्या खाण्याइतके धडधाकट आहेत. (बालबोधीत निर्धास्त लिहिते. आमचे सीतारामराव घरात मराठी बोलतात, पण वाचतात फक्त तमिळ; हे अक्षर दिसलं की पोथी समजून डोळ्यांना लावतात.)

आपल्या पोन्नीची, म्हणजे कुत्रीची, पिशवी काढायची ठरली. मद्रासहून शिकून आलेली विनुता डॉक्टर म्हणाली, गुंगी देईनच, पण शेपटीच्या वर, कण्यात एपिड्यूरल इंजेक्शनही देते. शुद्धीवर आल्यावर जनावर कळवळत नाही. मी हो म्हटलं आणि घरात आग लागली. "कुत्रीला कण्यात सुई? उद्या तिला एसी लावशील!" सीतारामराव गरजले. हे बोलणारा माणूस दाढ काढताना असा ओरडला होता, की शेजारची मामी ताकाचं भांडं टाकून धावत आली होती. त्यात सरोजा वन्सं. "आम्ही बाळंतपणं दातओठ खाऊन काढली गं, आम्हाला कुणी दिली सुई?" (नाही दिली हे खरंच, पण त्याचा सूड कुत्रीवर?) घरात केबल आली, परदेशी साबण आला, तेव्हा कुणाला चैन आठवली नाही. दुखणं कमी करायचं म्हटलं की लगेच माज!

मी ऐकलं नाही. ऑपरेशन झालं. मागचे पाय संध्याकाळपर्यंत लुळे राहतील, हे डॉक्टरनं सांगितलं होतं, मी यांना सांगितलं होतं, आणि यांनी पेपरातून "हूं" केलं होतं. घरी पोन्नी पाय ओढत सरकली मात्र, यांनी बोंब ठोकली, "लंगडी केली! माझ्या लेकराला लंगडी केली!" वन्संनी तिथल्या तिथे वैद्येश्वराला नवस बोलला: कुत्री उभी राहू दे, भावाचे केस वाहीन. भावाला विचारलंसुद्धा नाही! दिवेलागणीला पोन्नी उठली आणि शांतपणे ताटली चाटू लागली. ना कण्हणं, ना विव्हळणं. श्रेय देवाला, शिव्या विनुताला. आता हे रंगवलेल्या केसांवर हात फिरवत विचारतात, "अर्धेच वाहिले तर चालतील का गं?"

घरच्यांस यथायोग्य सांगावे.

तुझी भामा

ता. क. हे पूर्ण चकोट करून आले. डोकं बरं दिसतंय, आत काही वाढल्याचं लक्षण नाही.

दुसरा ता. क. माझीही पिशवी काढायची आहे, पुढच्या महिन्यात, आवणीत. तारीख हे आणि वन्सं ठरवून आले. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, नंतर दुखेल त्याला काय देणार? ते यांच्याकडे बघून म्हणाले, "सगळ्या बायका सहन करतात, सार." यांनी मान डोलावली. अक्का, शाळेतून रजा काढून ये. माझ्या खाटेजवळ उभी राहा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या डॉक्टरांना हलू देऊ नकोस. पोन्नीसाठी विचारायला मी तरी होते.