भवानीचं गिऱ्हाईक

७ ऑक्टोबर १९३५, सोमवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. अक्कलहुशारीनं खरेदी करणाऱ्या माणसानं सगळं लिहून ठेवावं, पुढं उपयोगी पडतं. दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून ट्रंकेत तळाशी ठेवणार.

विषय: बायकोचं, म्हणजे रत्नम्माचं लुगडं. आमच्या सावित्रीचा पहिला दिवाळसण. अक्कलकोटहून जावईबापू येणार, आणि बरोबर विहीणबाईही येणार. रत्नम्माकडे चांगलं म्हणावं असं एकच लुगडं, तेही पदराजवळ वीतभर रफू केलेलं. ओवाळायला ताट धरलं की नेमकं तेच पुढं येतं. विहीणबाईंसमोर त्या लुगड्यात मी ओवाळायची न्हाय, असं तिनं आज साफ सांगितलं. मी म्हटलं, धनत्रयोदशीच्या आत नवं इरकली लुगडं घरात येईल, सिद्धेश्वराची आण. ती म्हणाली की गेल्या साली बी आण सिद्धेश्वराचीच होती.

शेजारचा रुद्रप्पा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम आहे. सोनं लुटून येता येता त्यानं नवी पेठेत ईरप्पा शेटच्या दुकानातून सुंदरम्माला इरकली आणलं. हिरवं, लाल रेशमी पदराचं. केवढ्याला, विचारलं तर अकरा रुपये. शेट म्हणाला अकरा, यानं काढून दिले अकरा! अरे, माणूस आहेस का मनीऑर्डर? उद्यापासून दिवाळी सेल लागणार, आणि हा आज घेतो. तसलंच अजून एक हाय, लवकर जावा, असं मला वर शहाणपण सांगून गेला. मी नुसता हसलो.

रत्नम्मा मात्र सुंदरम्माच्या घरी जाऊन ते लुगडं दोनदा बघून आली.

८ ऑक्टोबर. सकाळ.

प्लॅन तयार. शंभर सेलच्या बापाचा प्लॅन आहे. भवानी!

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराची भवानी. ती मोडली तर त्याचा दिवस गेला. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाला तो रिकाम्या हातानं सोडूच शकत नाही. पडेल त्या भावात देईल. ही साधी गोष्ट सबंध सोलापुरात एकाच माणसाच्या ध्यानात यावी, याचं नवल वाटतं.

माझी किंमत: आठ रुपये. बारा रुपये वेगळे काढून ठेवलेत. वरचे चार वाचतील.

९ ऑक्टोबर, बुधवार.

मिलच्या पहिल्या भोंग्याला उठलो. विभूती लावून सात वाजता ईरप्पा शेटच्या पायरीवर. दुकान आठला उघडलं. झाडलोट, ऊदबत्ती, गल्ल्याला नमस्कार. मग शेट बर्री, बर्री, या, या करत पुढं आला.

आपल्याला काय हवंय ते लगेच दाखवायचं नाही, हा माझा नियम. म्हणून आधी एक पंचा हातात घेतला. किंमत नऊ आणे. मी म्हटलं सहा. शेट म्हणाला, घ्या, भवानी हाय. पैसे कपाळाला लावले आणि पंचा बांधूनसुद्धा दिला.

मग लुगडं काढायला सांगितलं. अकरा रुपये. मी भवानीची आठवण दिली. शेट म्हणाला की भवानी तर झाली की, पंच्याची.

थोडी चूक. पण प्लॅन चालतो हे सिद्ध झालं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज थेट लुगडं मागितलं. सुरुवात पाच रुपयांपासून केली. शेटनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मी उठलो. तसा तो घाबरला; भवानी मोडून जाऊ नका म्हणून हात धरला आणि एक छत्री काढली. दीड रुपयाची सव्वाला. मला नको होती. पण मागं पेठेतले दोघं-तिघं बघत होते. पहिल्या सौद्याला पाठ फिरवून जाणारा माणूस म्हणजे अपशकुनी, हे आपल्यालाही कळतं.

घरी आल्यावर रत्नम्मानं विचारलं, पाऊस हाय का कुटं? मी म्हटलं, पुढच्या जूनमध्ये छत्र्या महाग होणार. ती म्हणाली की पुढच्या जूनमध्ये विहीणबाई येणार न्हाईत.

हिला बाजाराचं धोरण कसं समजावावं?

१३ ऑक्टोबर, रविवार.

मोहोळचं एक कुटुंब माझ्या आधी पायरीवर बसलेलं! बैलगाडीनं रात्रभर प्रवास करून आलेले. मी त्यांना म्हटलं की मी रोजचा आहे. म्हातारा म्हणाला, असाल की, बसा मागं.

चिडचिड. दिवसभर कुणाशी बोललो नाही. पेठ गावकऱ्यांनी नासवली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.

आजचा दिवस मोठा! साडेसहाला हजर. दुकान उघडताच पहिलं मागितलं ते लुगडं, दुसरं काही नाही. सहापासून सुरू केलं. शेट दहावर आला. मी साडेसहा. शेट साडेनऊ. घाम पुसला त्यानं. शेवटी लुगडं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, नऊ. आय्तु, झालं. माझी खरेदी बी निघत न्हाय, भवानी म्हणून देतो.

लुगडं मांडीवर होतं. पदर हातात धरून बघितला. रेशीम चांगलंय.

पण नऊवर आलेला माणूस उद्या आठवर येणार नाही कशावरून? उलट येणारच. आज घेतलं असतं तर तो जिंकला असं झालं असतं. लुगडं परत केलं. भवानी मोडू नये म्हणून एक मच्छरदाणी घेतली, पावणेदोन रुपये. फार स्वस्त.

रत्नम्माला सगळं सांगितलं. तिला कौतुक वाटेल म्हणून सांगितलं. ती पीठ मळत होती, हात थांबले. नऊला देत हुता तर घ्यायचं की वो, एवढंच म्हणाली. मग परत मळायला लागली. मी आठची गोष्ट काढली, पण तिनं वर बघितलं नाही.

मच्छरदाणीला काठ्या नाहीत. वेगळ्या घ्याव्या लागतात म्हणे.

१६ ऑक्टोबर.

आठला आला नाही. दहा म्हणाला! म्हणे काल भवानी झाली आणि दिवसभर दुकानात माशी फिरकली नाही. त्याला मी काय करू? दोन टोप्या घेऊन आलो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. संतापाचा दिवस.

पायरीवर सर्वात आधी मी. दुकान उघडलं, आत पाय टाकला, तर शेटचा मेव्हणा तिप्पण्णा आतल्या खोलीतून बाहेर आला, एक हातरुमाल उचलला, गल्ल्यावर दोन आणे ठेवले आणि परत आत गेला. शेटनं ते दोन आणे कपाळाला लावले. मग मला बर्री म्हणाला. भवानी झाली!

हा कुठला न्याय? घरचंच गिऱ्हाईक, घरचाच रुमाल. मी जोरात बोललो. शेट हात जोडून म्हणाला, मालक, रागावू नका, पण तुमची भवानी झाली की दिवसभर कुत्रं बी दुकानात येत न्हाय. त्यापरीस तुमी दुपारी या, च्या पाजतो.

विचार केला. याचा अर्थ उघड आहे. माझ्या सौद्यानं त्याचं कंबरडं मोडलंय. पायगुण वगैरे बोलायच्या गोष्टी. खरं म्हणजे घाबरलाय.

१९ ऑक्टोबर.

शेजारच्या दोन दुकानांत गेलो. दोन्हीकडे मी आत शिरायच्या आधी कुणीतरी घाईघाईनं रुमाल विकत घेतला. एका ठिकाणी तर दुकानदाराच्या आईनं घेतला. सगळ्या पेठेत आपलं नाव झालंय.

आज रत्नम्माला म्हटलं, तू जा उद्या भवानीला, बायकांचा पाय लक्ष्मीचा समजतात. ती म्हणाली, स्वतःच्या लुगड्यासाठी स्वतः पायरीवर बसू व्हय? वीस वर्सं न्हाय बसले. हे ऐकून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेणं ही खरेदीची पद्धत नव्हे.

२१ ऑक्टोबर, सोमवार.

रुद्रप्पाचा लाल फेटा मागून घेतला. तो बांधून, तोंड अर्धं झाकून पायरीवर बसलो. तिप्पण्णानं लांबूनच ओळखलं आणि रुमाल घ्यायला धावला. आता त्याच्याकडे तीन-चार तरी रुमाल झाले असतील. मूर्ख माणूस, नको त्या वस्तूंवर पैसे घालवतो.

फेटा परत करताना रुद्रप्पानं विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, होत आलंय. तो म्हणाला की अकरा देऊन टाका वो अण्णा, वैनी वाट बघत्यात. मी त्याला सेल म्हणजे काय हे अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. या लोकांना वेळेची किंमत नसते.

२३ ऑक्टोबर, बुधवार.

सावित्रीचं पत्र. परवा दुपारच्या गाडीनं तिघं येतात. खाली लिहिलंय की सासूबाई सारख्या विचारतात, तुझी आई दिवाळीला काय नेसणार. रत्नम्मानं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

ठरवलं. मोठा माणूस कधी माघार घ्यायची ते जाणतो. अकरा देऊन टाकायचे. पेटी उघडली तर बारातले आठच. पंचा, छत्री, मच्छरदाणी, टोप्या. कचेरीत एकाकडून तीन उसने घेतले आणि भर दुपारी, गर्दीत, कुठल्याही सामान्य गिऱ्हाइकासारखा पेठेत गेलो.

लुगडं नाही.

श्रीपूरकडचं एक जोडपं सकाळी आलं, किंमत विचारली आणि घेऊन गेलं, असं शेट म्हणाला. तसलं दुसरं आता दिवाळीनंतर येईल. दुसरी होती ती एक तर चौदाच्या वर, नाही तर चंद्रकळा. सणाला काळं कसं नेसायचं? शेटनं चहा मागवला. प्यायलो.

घरी सांगितलं. वाटलं, आता भांडी आपटेल. आपटायलाच पाहिजे होती. ती बरं म्हणाली आणि शेंगदाणे भाजायला बसली. वीस वर्षांत मी तिला इतकं गप्प बघितलं नाही. राग आला मला. कुणाचा ते कळत नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.

पाहुणे आले. विहीणबाईंच्या अंगावर भारी इरकली. रत्नम्मा चुलीपुढून हलली नाही. दोनदा बोलावलं, दोनदा हातात काम आहे म्हणाली. उद्या पहाटे ओवाळणं. मी छातीवर धोंडा ठेवून झोपायला चाललोय.

२६ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळी.

आजचा सण सोन्याचा!

पहाटे जावईबापूंची आंघोळ झाली, पाट मांडला, आणि रत्नम्मा ताट घेऊन बाहेर आली ती हिरव्या इरकलीत. लाल रेशमी पदर. निरांजनाच्या उजेडात मी तिला ओळखलंच नाही क्षणभर. सावित्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला उलगडा झाला: ईरप्पा शेटला पश्चात्ताप झाला. लुगडं लपवून ठेवलं होतं, आणि माझ्यासारखं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून रात्री घरपोच पाठवलं. प्लॅन शेवटी लागू पडला!

विहीणबाईंनी पदर हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, व्याहीबुवा, नजर हाय तुमाला. मग काय, मी भवानीची सगळी युक्ती सांगितली. किंमत सात रुपये सांगितली; शेट त्याहून जास्त घेणार नाही. फराळाला रुद्रप्पा-सुंदरम्माही आले होते. त्यांच्यादेखत म्हटलं की काही लोक पहिली किंमत देऊन मोकळे होतात, त्यांच्या जिवावर तर दुकानं चालतात. रुद्रप्पा चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, व्हय, अण्णाला लई जमतं. सुंदरम्मा रत्नम्माकडे बघत होती. रत्नम्मा निरांजनातली वात सारखी करत होती. बराच वेळ करत होती.

किती वर्षांनी असा सण झाला.

२७ ऑक्टोबर, रविवार. पहाट.

पाहुणे झोपलेत. रत्नम्मानं मला उठवलं. अंगावर रफूचं लुगडं. हातात इरकली, घडी घातलेलं. म्हणाली, कुणी उठायच्या आत सुंदरम्माकडं देऊन या.

मला कळेना. मग कळलं.

मी लुगडं हातात घेतलं. तीच म्हणाली, येका शब्दात दिलं तिनं. घासाघीस करावी लागली न्हाय.

काल मी काय काय बोललो, ते उभ्याउभ्या सगळं आठवलं. रुद्रप्पा चकली मोडत होता ते आठवलं. राग आला, आणि यावेळी कुणाचा ते बरोबर माहीत होतं.

गेलो. दार बंद होतं. पायरीवर उभा राहिलो. दोन आठवडे दुसऱ्याच्या पायरीवर उभं राहायची सवय झालेली. रुद्रप्पानं दार उघडलं. आज त्याच्या दारात पहिला मीच होतो. मी लुगडं पुढं केलं. त्यानं हात लावला नाही. आतून सुंदरम्मा म्हणाली, भाऊबीजेपतुर पाव्हणे हाईत न्हवं? मग तवर राहू द्या की वैनीकडं. आणि रुद्रप्पा म्हणाला की सणाच्या दिवशी सकाळी सकाळी दारातून कुणाला रिकामं पाठवू व्हय?

लुगडं घेऊन परत आलो. रत्नम्मानं माझ्या हातातून घेतलं आणि पेटीवर ठेवलं. मला बरं वाटेना. छत्री उचलली, पुन्हा त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, ही तरी ठेवून घ्या.

रुद्रप्पा म्हणाला, आमच्याकडं हाय.