चुना आणि बोरॉन

शिंदखेडा
२१ जुलै २०२५

चि. दिपमाला हीस प्रेमराजचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आवाज चढला, म्हणून लिहितो. कानबाईच्या सणाचा रविवार जवळ आला. भिंतींना चुना देऊन झाला, रत्नाने प्रसादाच्या रोटाचे गहू निवडले. बठ्ठे, झाडून सगळे भाऊबंद येणार आणि तू म्हणतेस प्रयोगशाळेतलं यंत्र सोडता येत नाही. घरातले थोरले म्हणून चुडामण आबांनी विचारलं, सुरतहून चुलतभाऊ योगेंद्र येतो, मग हिला काय झालं? राग आला. तुझा की आबांचा, ते ठरेना, म्हणून तुझ्यावर काढतो. एक रविवार यंत्र बंद ठेवलंस तर काय बिघडेल?

वेळेवर जेवत जा. भाऊ रागावला तरी भाऊच आहे, हे लक्षात असू दे.

तुझा,
प्रेमराज

गांधीनगर
२६ जुलै २०२५

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

काय बिघडेल ते सांगते. आमच्या बांगडीसारख्या पोकळीत वायू तापून प्लाझ्मा होतो. त्या धगीने भिंतीत मुरलेला ऑक्सिजन सुटतो, आत मिसळतो आणि प्लाझ्मा विझवतो. आजवर यंत्र थांबवून भिंतीला बोरॉनचा लेप द्यायचो. तो झिजतो. आता प्लाझ्मा पेटलेला असतानाच वरून बोरॉनची भुकटी सोडायची. प्लाझ्माच ती भिंतीवर बसवतो. पहिली चाचणी त्याच रविवारी आहे, आणि ती माझी आहे.

तुमचं उलटं. वर्षातून एकदा चुना मारला की घर स्वच्छ. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेता. योगेंद्रच्या पाळण्यातल्या पोराची मूठ पडते, माझी नाही. मी विचारलं की तू म्हणतोस, सण होऊ दे, मग बोलू. सण होतो. तू बोलत नाहीस. मी परक्या घरची म्हणे. बेचाळिसाव्या वर्षी, बिनलग्नाच्या मुलीचं ते घर कोणतं, आबांना विचार. मीही पत्ता शोधते आहे.

रत्नावहिनीला नमस्कार. रागासकट लोभ असू द्यावा.

तुझी,
दिपमाला

शिंदखेडा
४ ऑगस्ट २०२५

चि. दिपमाला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून चिडलो. तरीही सण होऊ द्यायचा, असंच ठरवलं होतं. शनिवारी आबा परातीपाशी बसून एकेक नाव घेत गहू टाकू लागले. योगेंद्रच्या पोराचं नाव आलं आणि मी मध्येच म्हणालो, आता दिपमालाची घ्या. आबा म्हणाले, पोर परका घरनी शे. कोणत्या घरची, मी विचारलं. मग कोकिळाआत्या म्हणाली, सण तरी होऊ दे, मग बोल. माझंच वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि डोकं फिरलं.

आबांनी माझं नाव घेतलं. म्हणालो, माझी मूठ टाकू नका.

काल रोट झाला. माझ्या नावाचे गहू नव्हते, म्हणून मी पानावर बसलो नाही. रत्ना न सांगता उठली आणि तिने माझ्यासाठी भाकरी टाकली. तिच्या नावाची मूठही या घरात कधी पडली नव्हती. ते मला चुलीपाशी बसल्यावर सुचलं.

आबा अबोला धरून आहेत. पुढच्या वर्षीही परात पुढे असतानाच बोलेन. तुझी भुकटी भिंतीवर बसली का, तेवढं कळव.

तुझा,
प्रेमराज